पेंटर कोणता लावायचा

दुसऱ्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन दारांमधली भिंत पोपडे धरू लागली होती. एका दारामागे सोसायटीचे सेक्रेटरी राहत, दुसऱ्यामागे गणिताचे निवृत्त मास्तर. मास्तर रोज संध्याकाळी सेक्रेटरींकडे चहाला येत, आणि त्यांच्याशिवाय सेक्रेटरींच्या घशाखाली चहा उतरत नसे. भिंतीची अवस्था बघून सेक्रेटरींनी रीतसर सभेत विषय मांडला, “या भिंतीला एखादा चांगला पेंटर बघायला हवा.”

त्यांच्या मनात डबा आणि ब्रश घेऊन येणारा पेंटर होता. पण पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई नुकत्याच कुठलीकुठली चित्रसंग्रहालयं पालथी घालून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सूर्यफुलांवाला लावू या.”

बाई चित्रकाराबद्दल बोलत होत्या. इतका वेळ प्रत्येक जण रंगाऱ्याचाच विचार करत होता, आणि ते शेजारच्याला कळता कामा नये, हे प्रत्येकाला एकदमच सुचलं. अध्यक्षांनी घसा साफ करून वितळत्या घड्याळांवाल्याचं नाव पुढे केलं. मास्तरांनी कमळांच्या तळ्यावाला सुचवला. सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरींकडे वळल्या, तेव्हा त्यांना कधीकाळी न्हाव्याच्या दुकानात पाहिलेलं एक कॅलेंडर आठवलं आणि ते बोलून गेले, “वाकड्या तोंडांवाला.”

“त्याला चित्र म्हणता?” मास्तर हसले. “नाक कानाला लागलेलं असतं त्यात.”

घडीभरापूर्वी ज्या माणसाशी सेक्रेटरींचं काहीही देणंघेणं नव्हतं, तो आता त्यांना सख्ख्या काकांसारखा वाटू लागला. “तुम्हाला नाही कळायचं ते,” ते म्हणाले. त्या दिवसापासून चहा बंद झाला.

सोसायटीने अभिरुची उपसमिती नेमली. उपसमितीने रहिवाशांची ‘ज्यांना कळते’ आणि ‘ज्यांना नुसतेच आवडते’ अशी वर्गवारी केली व दुसऱ्या वर्गाचा मतदानाचा हक्क काढून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आपल्याला फुलं दिसली की बरं वाटतं एवढंच सांगितलं, तर त्यांना सुधारण्याची संधी म्हणून डॉक्टरीणबाईंच्या व्याख्यानाला बसवण्यात आलं. पुढे शांतता राखण्यासाठी परस्परविरोधी अभिरुचीच्या व्यक्तींनी एकाच वेळी लिफ्ट वापरू नये, असा नियम झाला. सेक्रेटरी खाली उतरायचे तेव्हा मास्तर वर खोळंबायचे. सेक्रेटरींची बायको रोज सवयीने मास्तरांचाही कप काढायची, आणि तो कोरडाच परत फडताळात जायचा. “अहो, त्या वाकड्या तोंडांवाल्याला तरी बोलवा चहाला,” ती एकदा म्हणाली.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. भिंतीवर सोनेरी चौकट लावायची आणि तिच्यावर मखमली पडदा सोडायचा. आत काय आहे ते जाहीर करायचं नाही. मात्र आतलं चित्र तुमच्याच पेंटरचं आहे, असं ते प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगत. देवाच्या दयेने इमारतीत एकदम सलोखा नांदू लागला. येणारा-जाणारा पडद्यापाशी थबके, मान डोलवी आणि ज्यांना कळत नाही त्यांची मनातून कीव करत पुढे जाई. पडदा सरकवण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती. ज्यांना कळतं त्यांना बघावं कशाला लागतं?

एका दुपारी लिफ्ट बंद होती. सेक्रेटरी जिना चढून वर आले, तर मास्तर दोन बोटांनी पडद्याचं टोक धरून उभे. चोरी पकडली गेल्यासारखे दोघेही ओशाळले. मग सेक्रेटरींनी पडद्याचं दुसरं टोक धरलं.

आत भिंतच होती. पोपडे सुटून कुठे निळसर, कुठे पिवळट अशी जुन्या रंगांची बेटं वर आली होती. मास्तर बराच वेळ बघत राहिले.

“सुरेख आहे हो,” ते म्हणाले.

“खरंच सुरेख आहे. कुणाचं म्हणायचं?”

“ते नका सांगू. कळलं, तर मग मला आवडायचं नाही.”

सेक्रेटरी हसले आणि त्यांनी मास्तरांचा हात धरून त्यांना घरात नेलं. आतून बायकोने आधण टाकल्याचा आवाज आला.

बाकीचे रहिवासी अजून पडद्यापुढेच मान डोलवतात. त्यांना तुम्ही खुशाल हसा. फक्त एक सांगा. ही गोष्ट चांगली की टाकाऊ, ते तुम्ही ठरवून टाकलंत, की आधी लिहिणाऱ्याचं नाव शोधताय?