कोलंबी पचल्याचा दाखला

जोहे गावचा महिपती स्वतःच्या पोटाच्या सीटी स्कॅनसाठी बायकोला, मालूला, घेऊन पेणच्या सेंटरवर गेला. तिथे रुग्णाच्या सुरक्षिततेची समग्र जबाबदारी एकाच प्रश्नावर सोपवलेली होती.

"कोलंबी चालते?" काउंटरवरच्या हर्षदने विचारलं.

"धावते," महिपती म्हणाला. "पण भाऊ, गेल्या साली पनवेलला स्कॅनच्या आधी असलंच रंगाचं इंजेक्शन दिलं, तवा अंगभर गांधी उठल्या. घसापण आवळला."

"ते कोलंबीत येत नाय काका."

"आणि साखरेची गोळी चालू हाय. बंद ठेवायची का?"

"गोळीत कोलंबी हाय?"

"नाय."

"मग कशाला विचारता?"

ज्याला कोलंबी सोसत नाही त्याला हे इंजेक्शन सोसत नाही, असं फार पूर्वी कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं. कुणी, हे ठाऊक नसल्यामुळे नियम वादातीत होता. मात्र तोंडी उत्तर ग्राह्य नव्हतं. कोलंबी अधिकृत कर्मचाऱ्यासमक्ष खावी लागे.

"अवो, आज सोमवार हाय," मालू कुजबुजली.

"मावशी, मेडिकल सोमवार पाळत नाय," हर्षद म्हणाला आणि समोरच्या खाणावळीतून ताट मागवलं. स्कॅन उपाशीपोटी करायचा असल्याने ताट संपल्यावर पुन्हा उपाशी होईपर्यंत बाकावर बसायचं होतं. महिपतीने रस्सासुद्धा पुसून खाल्ला. दुपारपर्यंत अंगावर काही उठलं नाही. मनगटावर 'पात्र' असा शिक्का उठला.

मग इंजेक्शन दिलं. यंत्र फिरू लागायच्या आत गांधी उठल्या, घसा आवळला. डॉक्टर धावत आले. उतारा टोचला, ऑक्सिजन लावला. जीव परत जागेवर आल्यावर त्यांनी शास्त्रशुद्ध चौकशी केली.

"सकाळी काय खाल्लं?"

"कोलंबी," हर्षद म्हणाला.

"तरीच."

"डॉक्टर, दात आल्यापासून खातोय मी," महिपती खरवडलेल्या आवाजात म्हणाला. "ते इंजेक्शन..."

"वयानुसार सुरू होतं असं." डॉक्टरांनी कोलंबी, तिचे वाळवलेले सोडे आणि जवळा आजन्म वर्ज्य केला. स्कॅन अपुरा राहिल्याने पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं ठरलं. इंजेक्शन तेच. कोलंबी बंद झाल्यामुळे आता धोका उरला नव्हता.

मालूने सोड्यांची बरणी शेजारच्या नूतनला देऊन टाकली. संध्याकाळी तिच्याकडून सोडे-वांग्याचा वास आला आणि महिपती भिंतीकडे तोंड करून झोपला.

भेटायला सारं गाव आलं. महिपती प्रत्येकाला इंजेक्शनचं सांगे. प्रत्येकजण मान हलवून विचारी, "कोलंबी धरमतरच्या खाडीची ताजी हुती की शिळी हुती?"

वाचकांच्याही मनात केव्हापासून हेच घोळत असणार. तेव्हा नोंद असावी, कोलंबी ताजी होती. या, पुढचा नंबर तुमचा.