दोनदा खूर आपटला की

एका जंगलात एक नाटक मंडळी होती. जंगलात नाटक कशाला, असं विचारू नका बाळांनो. तुमच्या घरात टीव्ही कशाला, असं मी कधी विचारलंय का?

मंडळीचं नवं नाटक होतं 'प्रीत बिबट्याची'. बिबट्या हरिणीच्या प्रेमात पडतो, तिला मिठी मारतो आणि त्याच मिठीत तिची मान धरतो. मग पडदा. बिबट्याच्या कामाला जयसिंग नावाचा बिबट्याच होता आणि हरिणीच्या कामाला केतकी नावाची हरिणीच. दिग्दर्शक होता कोल्हा. त्याच्या मते यालाच वास्तववाद म्हणतात.

पहिल्या तालमीला केतकी जयसिंगपासून दहा हात लांबच उभी राहिली. तिला नाटकात काम करायचं होतं आणि संध्याकाळी घरीही जायचं होतं. एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून मंडळीने मावशीला बोलावलं. मावशी म्हणजे मांजर. वाघाला सगळे डाव तिनेच शिकवले आणि झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय तिने आपली पिल्लं मानेला धरून सात घरं फिरवली होती. एकाच्याही मानेवर ओरखडा नव्हता.

मावशीने आधी केतकीला विचारलं, पंजा कुठे चालेल आणि कुठे नाही. मग जयसिंगला पावलं मोजून दिली. चार पावलं पुढे, पाचव्याला पंजा खांद्यावर, नखं आत. सहाव्याला मान, पण दातांवर ओठ ओढून. आणि प्रयोगाआधी त्याने पोटभर जेवायचं. "उपाशीपोटी प्रेमाचा प्रवेश करायचा नाही," ती म्हणाली.

शेवटी खूण ठरली. केतकीने पुढचा खूर दोनदा आपटला की जयसिंगने लगेच सोडायचं. का, कशाला, विचारायचं नाही. जयसिंग तसा सज्जन होता. त्याने दोन दिवस तेवढंच घोकलं.

पहिल्याच प्रयोगात त्याचा ओठ सटकला आणि केतकीला दात लागला. तिने दोनदा खूर आपटला. जयसिंगने तत्क्षणी मान सोडली आणि तो मागे सरला. प्रेक्षकांना वाटलं, बिबट्याचं काळीज विरघळलं. मग अशा टाळ्या पडल्या की झाडावरची वाळकी पानं खाली आली.

कोल्ह्याने दुसऱ्याच दिवशी खूर आपटणं नाटकात घातलं. पंचविसाव्या प्रयोगापर्यंत लोकांना त्याचीही सवय झाली. तेव्हा त्याने सुधारणा केली. केतकीने खूर आपटायचा आणि जयसिंगने सोडायचंच नाही. आता लोक रडायला लागले. लोक रडले की नाटक मोठं होतं.

"अरे, ती खूण आहे," मावशी म्हणाली. "ती तूच वापरलीस तर हिने काय करायचं?"

कोल्ह्याने मोठ्या मनाने दुसरी खूण दिली. शेपटी वर करायची. पुढच्या प्रयोगात केतकीने ती करून पाहिली, तर समोर बसलेली सगळी हरणं उठून पळाली. हरणांत शेपटी वर करणं म्हणजे धोका, हे कोल्ह्याच्या ध्यानातच नव्हतं. पुढच्या चार रांगा रिकाम्या झाल्या आणि ती खूण त्याच दिवशी बंद झाली. तिसरी शोधू, सावकाश शोधू, असं ठरलं.

पन्नासाव्या प्रयोगाला वाघ प्रमुख पाहुणा होता. त्याचं भाषण इतकं लांबलं की जयसिंगचं जेवण राहिलं. मावशीने प्रयोग थांबवायला सांगितलं. एका जेवणाने काय होतंय, असं कोल्हा म्हणाला. मावशी वाद घालत बसली नाही. रंगमंचावर एक फांदी वाकली होती, तिच्यावर जाऊन बसली.

सहावं पाऊल आलं. मान तोंडात आली आणि जयसिंगच्या जिभेला रक्ताची चव लागली. केतकीने दोनदा खूर आपटला. परत दोनदा आपटला. मग ती म्हणाली, "जयसिंग, सोड."

हे वाक्य नाटकात नव्हतं. लोकांना ते फार आवडलं. वाघ उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

मावशीने फांदीवरून जयसिंगच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याच्या नाकावर असा ओरखडा काढला की जबडा उघडला. केतकी वाचली. तिच्या मानेला चार भोकं पडली आणि आवाज कायमचा गेला. जयसिंग ढसाढसा रडला. आज ती फारच छान करतेय असं मला वाटलं, हेच तो सांगत राहिला. ते खरं होतं. भूकही खरी होती, पण ती त्याने सांगितली नाही.

प्रेक्षक मात्र चिडले. ऐन रंगात आलेला प्रवेश मांजरीने नासवला होता. वाघाने जयसिंगला नैसर्गिक अभिनयाचं आणि कोल्ह्याला दिग्दर्शनाचं बक्षीस दिलं. केतकीला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल जखमेवर बरोबर बसली. मावशीला मंडळीतून काढून टाकलं.

मध्ये पडायची काय गरज होती, असं वाघाने तिला विचारलं.

"तुला झाडावर चढायला शिकवलं नाही, ते बरंच केलं," मावशी म्हणाली आणि वर निघून गेली.

मला या मावशीबद्दल फार माया वाटते. पण बोधकथा सांगणाऱ्याने बाजू घ्यायची नसते, म्हणून पुढे सांगतो.

एक्कावन्नाव्या प्रयोगासाठी नवी हरिणी आली. तिने तालमीत भीत भीत विचारलं, मध्येच थांबावंसं वाटलं तर काही खूण आहे का?

"आहे ना," कोल्हा म्हणाला. "दोनदा खूर आपट. फार टाळ्या पडतात."

तात्पर्य: जिवावर बेतलं आणि ओरडायचंच असलं, तर वाईट ओरडावं. छान ओरडणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि मांजर काही दर प्रयोगाला फांदीवर नसते.