सरांची दाढ आणि डॉक्टरांची मुलाखत

डॉक्टरांनी दाढेत औषध भरलं, वर टेम्पररी सिमेंट लिंपलं आणि हात धुता धुता म्हणाले, "सर, मुलाखतीची तारीख आली बरं का. पुढच्या सोमवारी."

सरांनी खुर्चीत पडल्या पडल्या "अभिनंदन" म्हणायचा प्रयत्न केला. अर्धं तोंड बधिर असल्यामुळे ते रडल्यासारखं ऐकू आलं आणि खरं सांगायचं तर ते रडणंच होतं.

"आणि माझी दाढ?"

"तुम्हाला अजून तीन-चार वेळा यावं लागेल. मुळं फार वाकडी आहेत. पण माझी निवड झाली, तर पंधरा दिवसांत तिकडे हजर व्हायचंय." डॉक्टर ओशाळले. "दुसऱ्या कुणाकडून तरी..."

दुसरं होतं कोण? परदेशी नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेण्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शहरातले डोळ्यांचे डॉक्टर त्यांनी पाठवले, हाडांचे पाठवले, दातांचे तर दोन पाठवले. लोक कौतुकाने त्यांना 'उड्डाण सर' म्हणत. हे एकच डॉक्टर काय ते मागे राहिले होते, कारण ते दोनदा मुलाखतीत आपटले होते. सरांच्या कारकिर्दीला लागलेला तेवढाच डाग. इतकी वर्षं सलणारा तो डाग आज त्यांना फार प्रिय वाटू लागला.

"तोंड का पाडलंय?" घरी बायकोने विचारलं.

"डॉक्टरांची मुलाखत आहे."

"मग बरंच की! आता तरी पास करा बिचाऱ्याला."

"तो पास झाला तर माझी दाढ कोण बघणार?"

"हात्तिच्या! जगभर तुमचे विद्यार्थी आहेत. फोनवर आ करून दाखवा."

एवढ्यात दाढेने कळ मारली. एकीकडे तत्त्वं, एकीकडे दाढ. सरांनी दाढ निवडली.

संध्याकाळी डॉक्टर क्लासला आले, तेव्हा सर त्यांची नजर चुकवत म्हणाले, "मागे शिकवलेलं सगळं विसरा. जमाना बदललाय. उत्तर लांबलचक द्यायचं. बोलताना छताकडे बघायचं, माणूस विचारी वाटतो."

"आणि हसायचं?"

"अजिबात नाही! हसणारा गरजू दिसतो."

"आमच्याकडे का यायचंय, असं विचारलं तर?"

"पगारासाठी, म्हणायचं. आणि रजा किती मिळतात, ते लगेच विचारून घ्यायचं."

डॉक्टर मान डोलावत ऐकत होते. एवढा गुणी माणूस, आणि आपण त्याला खड्ड्यात ढकलतोय! सरांना स्वतःचीच लाज वाटली. पण दाढ पुन्हा ठणकली आणि तत्त्वं गप्प बसली.

सोमवारी दुपारी फोन आला. "सर, पास झालो," डॉक्टर म्हणाले. आवाज मात्र साफ पडलेला. "इतका हसरा आणि मुद्द्याचं बोलणारा उमेदवार बघितला नाही म्हणे त्यांनी."

"हसरा?" सर किंचाळले.

दुसऱ्या दिवशी सर तावातावाने दवाखान्यात शिरले. डॉक्टरांनी आधी त्यांना खुर्चीत निजवून इंजेक्शन दिलं, मग मास्क खाली ओढला.

"खरं सांगू, सर? तुम्ही शिकवता त्याच्या मी नेमकं उलटं करतो. दोनदा त्यानेच वाचलो."

"वाचलात?"

"मला जायचंच नाहीये हो. इथे छान चाललंय माझं. पण मुलगा परदेशात जाणार, असं बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यांना नाही कसं म्हणू? नापास झालं की आपोआप मिटतं. यंदाही शब्द न् शब्द उलटा केला. तुम्ही छताकडे बघा म्हणालात, मी थेट डोळ्यांत बघितलं. हसू नका म्हणालात, मी हसत राहिलो. काय चुकलं, तेच कळत नाही."

सरांना कळलं. त्यांनी बधिर तोंडाने आपला गुन्हा कबूल केला. डॉक्टरांना तो समजायला तीनदा करावा लागला. समजल्यावर डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. मग दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आता हो काय करायचं?" डॉक्टरांनी डोळे पुसत विचारलं.

"शिकवणी. बापाला नाही कसं म्हणायचं, त्याची. समजा, मी बाबा. बोला!"

"बाबा, मी... म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"पाल्हाळ नको! डोळ्यांत बघा."

"बाबा, मला नाही जायचं. मला तुमच्याजवळ राहायचंय."

"शाबास! पुन्हा, मोठ्याने!"

डॉक्टर पुन्हा म्हणाले, इतक्या मोठ्याने की दार उघडल्याचं कुणालाच कळलं नाही. दारात बाबा उभे होते. हातात गल्लीभर वाटून उरलेला मिठाईचा डबा.

"कधीपासून मनात आहे हे?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या मुलाखतीपासून," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"अरे मग बोलायला काय झालं होतं, गाढवा!" बाबांचा आवाज चिरकला. त्यांनी डबा सरांच्या मांडीवर आदळला आणि डावा गाल हाताने दाबून धरला. "माझी अक्कलदाढ कधीची ठणकतेय! घरात दातांचा डॉक्टर, आणि मी चोरून गोळ्या गिळतोय. तुला सांगितलं, तर बापाला टाकून जायला तुझा पाय निघणार नाही, म्हणून गप्प बसलो. उठा हो सर, मला बसू द्या आधी."

सर उठले. अर्धं तोंड बधिर, दाढ अर्धवट, मांडीवरचा डबा हातात. बाहेरच्या बाकावर बसून ते आपला नंबर यायची वाट बघू लागले. घाई काहीच नव्हती. डॉक्टर आता कुठे जात नव्हते.