सोलरवरचे बोकड

“औंदा आमी ऊसतोडीला येत न्हाई! दुसरा कोयता बघा!” बजरंगने मुकादमाला भर चौकात सुनावलं आणि मिशीला पीळ दिला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दरसाल दिवाळी सरली की कर्जतहून ट्रकमध्ये बसायचं आणि कारखान्याच्या फडात पार उन्हाळ्यापर्यंत पाचटाच्या खोपटात दिवस काढायचे, याचा त्याला वीट आला होता.

बेत तसा नामी होता! गावच्या माळावर सोलर प्लँट उभा राहिला होता. प्लेटांच्या बुडाशी गवत असं माजलं, की प्लेटांवरच सावली पडू लागली. कंपनीचे हर्षल साहेब रडकुंडीला आले. “मेंढ्या आणा. दिवसभर चारून दाखवा, लगेच वर्षाचा करार करतो,” म्हणाले. आणि इकडे नगर रोडच्या हॉटेलांत मटणाला ही झुंबड! गवत कंपनीचं, मटण आपलं!

“मंग मेंढ्या बघा की,” बायको धनश्री म्हणाली.

“खुळी का काय तू? हाटेलात मेंढीचं मटण कुनी मागतंय व्हय? गिऱ्हाईक बसायच्या आदी इचारतंय, बोकडाचंच हाय ना? साहेबाला काय, गवत खाल्ल्याशी मतलब!”

दारची म्हैस विकली. काष्टीच्या बाजारातून टेम्पोभर बोकड आले. त्यांना हळदकुंकू लावून, गेटवर नारळ फोडून बजरंगने बोकड आत सोडले. मटण हॉटेलवाला गहिनीनाथही माल बघायला हजर होता.

बोकडांनी गवताचा एकेक घास घेतला. “वा! झकास!” साहेब म्हणाले.

आता बोकडाला हिरवं गवत आणि उंच जागा यांतलं काय आवडतं, हे शेळ्या बघत लहानाचा मोठा झालेल्या बजरंगला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाइकाच्या नादात तो ते साफ विसरला होता! एक काळा बोकड मागच्या पायांवर उभा राहिला आणि टुणकन प्लेटवर चढला. त्याच्या मागोमाग रांगच लागली! उतरत्या प्लेटांवरून घसरत खाली यायचे, पुन्हा वर चढायचे. जे खाली राहिले ते वायरी चघळू लागले.

“हुर्र! हाड! उतर, मुडद्या!” म्हणत बजरंगही वर चढला.

“खाली उतरा! काच आहे ती!” साहेब किंचाळले.

“मला म्हंताय का बोकडाला?”

“दोघांना!”

तेवढ्यात काडकन आवाज झाला. कुंपणाबाहेरून गहिनीनाथ ओरडला, “बजरंगा, लई चपळ माल रे! ह्येचं मटण शिजायचं न्हाई!”

साहेबांनी हात जोडले आणि बजरंगला गेटची बंदी केली. बोकड पडेल भावात गहिनीनाथनेच उचलले. म्हैस गेली, करार गेला, अब्रू तर माळावर सगळ्यांदेखत गेली. बजरंग दिवसभर तोंडावर गोधडी घेऊन पडला. ज्या खातेऱ्यातून बाहेर पडायला एवढं केलं, त्यातच परत जायचं! पण खाणार काय?

शेवटी मनाची लाज सोडून तो मुकादमाकडे गेला. “येतो म्हंतो मी.”

“जोडीनं ना?”

“धनश्रीला इचारतो.”

घरी आला तर धनश्री बाहेर निघालेली. तिने धनगराच्या मेंढ्या अर्धलीने घेतल्या होत्या. राखण हिची, कोकरं निम्मी निम्मी. सोलरवर दिवसभर मेंढ्यांनी गवतातून मान वर केली नव्हती. साहेबांनी वर्षाचा करार तिच्या नावाने केला होता.

“तोडीला?” ती म्हणाली. “मला कुटं येळ हाय?”

बजरंग धावत मुकादमाकडे गेला. “एकटाच येतो!”

“अर्धा कोयता घिऊन मी काय करू? ऊस तू तोडशील, मोळी कोन बांदंल? बायकू आन, न्हाईतर घरी बस.”

ट्रक गेला. बजरंग खरंच राहिला घरी! आणि त्याला भर दुपारी रडू फुटलं.

आता रोज बारा वाजता तो भाकऱ्या थापतो, जमेल तशा गोल, आणि फडक्यात बांधून सोलरच्या गेटवर नेतो. परवा तिथे नवा वॉचमन होता.

“कुनाकडं काम हाय?”

“धनश्रीबाईंची भाकर आनलीय.”

“बरं. तुमी कोन त्येंचे?”

तारेपलीकडे धनश्री मेंढ्यांमागे ताठ मानेने चालली होती. बजरंगने भाकरीचं फडकं पुढे केलं.

“सैपाकी.”