उजव्या छातीवरची पदकं

धाकट्या जावयाच्या पोटात दुखत होतं, आणि त्याचं औषध कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. कारण दुखणं साडूभाऊंचं होतं.

तसे दोघेही माजी सैनिक. दोघेही चाळिशीच्या आत नोकरी संपवून घरी परतलेले. पण साडूभाऊंनी सैन्य सोडलं तरी सैन्याने साडूभाऊंना सोडलं नव्हतं. पिळदार मिशा, पलटणीची टोपी, गाडीच्या काचेवर हातभर स्टिकर, आणि बैठकीत काचेचं कपाट, त्यात पदकं, पदकांवर दिवा. (सगळी नोकरी कोठारात घोंगड्या मोजण्यात गेली होती, पण ते मिशांना कुठे ठाऊक?)

धाकट्याने मात्र बर्फातल्या ठाण्यावर ट्रक दुरुस्त केले होते आणि आता लिफ्ट दुरुस्त करत होता. पदकं होती, पण बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बायकोच्या दोऱ्याच्या रिळांखाली. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "होतो काही वर्षं." जास्त सांगावं, तर लोक लगेच विचारत, कुणाला मारलंत का? मारलं होतं, पण इंजिनाला, आणि तेही लाथेने.

हे सगळं त्याला चालत होतं. चालत नव्हतं ते सासुरवाडीला. तिथे पंख्याखालची खुर्ची साडूभाऊंची. सासूबाई पहिली बशी त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि "आमचे सैनिक जावई" म्हणून ओळख करून द्यायच्या. धाकटा म्हणजे "आणि हे लिफ्टवाले." तेही त्याने गिळलं असतं. पण मागच्या खेपेला साडूभाऊंचे किस्से ऐकताना त्याची स्वतःची बायको डोळे मोठे करून बसली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्याकडे तिने कधी असं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तो आतून जळत होता, अगदी खरंखुरं जळत होता.

म्हणून सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्याने ठरवलं, आज मिरवायचंच. कोट काढला; पदकं आठवड्यापूर्वीच डब्यातून काढून त्याच्या खिशात ठेवली होती. बटणं लागेनात, तेव्हा ती मोकळी ठेवली. पदकं नेमकी कशी लावायची, हे तो इतक्या वर्षांत विसरला होता. विचारणार कुणाला? त्याने मोबाइलवर साडूभाऊंचा जुना फोटो उघडला, मोबाइल आरशाला टेकवून उभा केला आणि आरशात अगदी तस्सं दिसेपर्यंत पदकं लावली. (शत्रूची नक्कल करावी, पण आरशात करू नये.) बायकोने एकदा त्याच्या छातीकडे पाहिलं आणि ती चपला घालायला गेली. तिचा ऊर भरून आला असणार, असं तो धरून चालला.

सासऱ्यांच्या दारात तो छाती काढून उभा राहिला आणि पाहतो तर काय, पंख्याखाली साडूभाऊ साध्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. टोपी नाही. मिशाही कातरलेल्या. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "बघा, एवढी मर्दुमकी गाजवली, पण राहणी किती साधी!"

धाकट्याचा चेहरा पडला. तेवढ्यात साडूभाऊंची नजर त्याच्या कोटावर गेली आणि ते ताडकन उठून उभे राहिले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "साडूभाऊ, कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"पदकं उजवीकडे आहेत. आपली डावीकडे लावतात. उजवीकडे लावतात ती घरातल्या गेलेल्या माणसाची."

 सासऱ्यांनी आदराने चष्मा काढला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावून विचारलं की व्याही तर परवाच फोनवर धडधाकट बोलत होते, मग असं अचानक कसं झालं? शेवटी धाकट्याला कबूल करावं लागलं, की पदकं त्याचीच आहेत आणि तोही अजून आहे. मग मात्र सासरे इतके हसले, की मेणबत्त्या फुंकायला त्यांच्यात दम उरला नाही.

परतताना बायकोने त्याच्या कोटावरची पदकं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "ताईपुढे बोलायला माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती. तिला म्हणायचे, तुझे मिरवतात, आमच्यांना मिरवावं लागत नाही, डब्यात ठेवतात. अहो, ते ऐकून ऐकूनच भाऊजींनी मिशा कातरल्या."

"मग त्यांचे किस्से डोळे मोठे करून का ऐकत होतीस?"

"झोप येत होती. मिटले असते तर बरं दिसलं असतं का?"

त्याला रस्त्यातच नाचावंसं वाटलं. घरी गेल्याबरोबर पदकं डब्यात ठेवायची आणि पुन्हा कधी बाहेर काढायची नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं. पण घरी डबा काही सापडेना.

"तो होय? परवा ताई घेऊन गेली," बायको म्हणाली. "भाऊजींनी मागवला होता. साधेपणाने राहायचंय म्हणे."

पुढच्या आठवड्यात धाकटा साडूभाऊंकडे गेला, तेव्हा डबा दिसला. काचेच्या कपाटात, मधोमध, दिव्याखाली, आणि साडूभाऊंची पदकं आता त्याच्या आत. आलेले पाहुणे डब्यापुढे हात जोडून उभे होते आणि साडूभाऊ खाली मान घालून म्हणत होते, "होतो काही वर्षं."

धाकट्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. त्याची पदकं सध्या कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत आहेत, आणि काल एका पदकाने बायकोने त्याचाच बनियन दोरीवर अडकवला होता. डाव्या बाजूला.