कोंबड्याचं आजोळ

कोंबडा कितीही पसंत पडो, बबनकाका आधी मालकाला विचारणार, "आजोळ कुठलं ह्याचं?" मालक चक्रावतो. काका मात्र गंभीर. टोपी नीट करून बसतात, चहा घेतात आणि कोंबड्याच्या आईबापाची चौकशी लावतात. पिशवीत दाखवायला आणलेली कोंबडीही असते.

आमच्या रहाटणीत त्यांची शेती होती. आता तिथे इमारती झाल्या. दोन इमारतींच्या मधल्या तुकड्यावर काकांचं खुराडं उरलंय. मागे साथ आली, त्यात एक कोंबडा आणि दोन-तीन कोंबड्या तेवढ्या वाचल्या. आजची सगळी पिलावळ त्यांचीच, म्हणजे खुराड्यात सगळे भाऊबहीण. हल्ली निम्मी अंडी उबवूनही फुटेनात. फुटली त्यातली बरीच पिल्लं लंगडी. "रगत बदलाया पायजे," काका म्हणायचे, "न्हाईतर आईच्या हातची ही जात बुडाली."

मोशीचा कोंबडा त्यांनी नाकारला. का, तर "ह्यो मामा लागतो". आळंदीहून एक अगदी वाजतगाजत आणला. मग कळलं, काकांनीच कुणा पाहुण्याला दिलेल्या पिल्लाचा हा नातू! मी हसून हसून बेजार. एवढं काय काका, कोंबडीच ती, असं म्हणालो, तर काकांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवणही टाकलं होतं म्हणे.

शेवटी चाकणच्या कंपनीतला, माझ्या शिफ्टमधला परभणीचा दोस्त गावाहून कोंबडा घेऊन आला. काकांनी त्याचीही उलटतपासणी घेतली आणि मगच कोंबडा ठेवून घेतला.

गेल्या रविवारी त्याची पिल्लं निघाली. काका एकेकाला तळहातावर उभं करून पाय बघत होते. मी म्हणालो, सगळी ठणठणीत आहेत की! काका हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "आईनं तिच्या भावाची लेक सून म्हणून आणली. घरातली पोर, समद्यांना लई आनंद. आमची लेक जन्मली ती वाकडं पाय घिऊन. डागदर म्हणला, नात्यातलं लगीन, त्यानं झालं आसंल. कधी चालली न्हाई. तशीच गेली. हिच्यापुढं बोलू नगंस बाबा, तिला सोसायचं न्हाई."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना मुलगी होती हेच मला ठाऊक नव्हतं.

निघालो, तर काकी फाटकापाशी, खुराड्याकडे पाठ करून उभ्या. माझी बाही धरून त्यांनी हळूच विचारलं, "पाय सरळ हायती का रं समद्यांचं? त्यांना इचारवत न्हाई मला. ते रडत्यात."