वयात आल्याचा पुरावा

कोण कधी वयात आले एवढे सोडले, तर जगात काहीही मोजता येते. समुद्रातल्या सील या प्राण्याची मादी कितव्या वर्षी वयात येते, हे ठरवण्यात दातवाले या एका संशोधकाची (कचेरीत त्यांना हेच नाव होते) हयात गेली. सीलचा दात कापावा, भिंगाखाली धरावा, झाडाच्या खोडासारखी वर्तुळे मोजावीत, वय कळते. वयात येणे कळत नाही. त्यासाठी खूण केलेली मादी पिलासह किनाऱ्यावर दिसावी लागते. दिसली, तर आली वयात. न दिसली, तर अजून लहान. (पलीकडच्या किनाऱ्यावर ती तीन पिलांची आई असली, तरी दातवाल्यांच्या दुर्बिणीपुरती लहानच.) असा निघालेला आकडा सव्वापाच वर्षे, चूकभूल तीन वर्षे. शास्त्रात याला अचूक म्हणतात.

हीच पद्धत घरी लागू झाली. सव्वीस वर्षांच्या मुलीला दूरच्या बेटावर डॉक्टरची नोकरी लागली आणि दातवाल्यांनी साफ नकार दिला. ती एकटी राहिल्याची एकही नोंद नव्हती. नोंद होणार ती गेल्यावर, आणि नोंद असल्याशिवाय जाऊ देणार कसे? तर्क बिनतोड होता. मुलीने वाद घातला नाही, बॅग भरायला घेतली.

"सीलची आई पिलाला तीन आठवडे पाजते आणि चालती होते," बायको म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"लिहिणं वेगळं," दातवाले म्हणाले.

खरे कारण कुठल्याच तक्त्यात बसणारे नव्हते. ती गेली की घर खायला उठेल, याची त्यांना भीती वाटत होती.

निघायच्या सकाळी, शेवटचा नकार बोटीच्या धक्क्यावर जाऊन द्यावा म्हणून ते कपडे करू लागले. मोजे सापडेनात. सवयीने त्यांनी मुलीला हाक मारली. ती दारातून बुटांसकट परत आली, खालच्या खणातून जोड काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"बाबा, उद्याही ते इथेच असतील," ती म्हणाली. "सापडतील ना तुम्हाला?"

दातवाल्यांना (वय एकोणसाठ, दातांवरून) रडू आले. त्यांनी मोजे घातले आणि तिची बॅग स्वतः उचलून धक्क्यावर नेली. निष्कर्ष असा, की पाहणीत एक मादी वयात आलेली आढळली. नराबाबत पुरावा अपुरा.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त आधी उठून, घरात कुणालाही हाक न मारता, आपले मोजे शोधून आणावेत. तोवर त्यांना लहानच धरले आहे.